घरच्या गॅरेजात एमजीबी उभी करताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती चाळल्या की एक मजकूर हमखास दिसतो: काम अर्धवट, सुटे भाग खोक्यांत, मालकाला वेळ नाही. अशा गाड्यांत एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्स कार, पुष्कळ असतात, कारण घरी दुरुस्त करायला तीच सगळ्यात सोयीची. सुटे भाग मिळतात आणि इंजिन साधं आहे. तरीही काम अडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. कोणी आधी इंजिन चकचकीत करून ठेवतो, मग कळतं की ते ज्या पत्र्यात बसवायचं तोच सडलाय. कोणी उत्साहात दोन्ही बाजूंचे सिल (दाराखालच्या पोकळ पट्ट्या) एकदम कापतो आणि गाडी मधोमध वाकते. कोणी रंग मारून मोकळा होतो आणि दार लावताना नव्या रंगावर ओरखडे काढतो.

खालचा क्रम १९६२ ते १९८० मधल्या कुठल्याही एमजीबीला लागू आहे, उघडी रोडस्टर असो की छपराची जीटी. वर्कशॉप मॅन्युअल जवळ हवंच. त्यात बोल्ट किती घट्ट करायचा ते सापडतं, पण सडलेल्या गाडीला हात कुठून घालायचा ते सापडत नाही.

टप्पा १: हत्यार उचलण्याआधी गाडी वाचा

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, आणि तिची ताकद दारांखालच्या दोन सिलमध्ये आहे. रोडस्टरला वरून छपराचा आधार नसल्यामुळे तिथे सगळा भार सिलवरच येतो. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची.

लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. लोहचुंबक चिकटत नसेल तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा, आवाज बद्द आला की थांबा आणि टोकाने टोचा. या जागा चुकवू नका:

- पुढच्या विंगचा (चाकावरच्या मडगार्डच्या पत्र्याचा) वरचा भाग, हेडलाइटच्या मागे. आत चाकाने उडवलेला चिखल साठतो.
- पुढच्या विंगचा खालचा मागचा कोपरा, दाराच्या अगदी पुढे.
- सिलची पूर्ण लांबी, आणि गाडीखाली झोपून कॅसल सेक्शन, म्हणजे सिलच्या आतल्या बाजूने फ्लोअरखालून जाणारी पेटीसारखी पट्टी.
- मागच्या लीफ स्प्रिंगचे हँगर.
- सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, म्हणून पेट्याही दोन.
- दाराचा खालचा काठ, आणि क्वार्टर लाइटच्या (दाराच्या छोट्या तिकोनी काचेच्या) पायथ्याशी दाराच्या पत्र्याला जाणारी उभी चीर.
- पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा. टाकी आणि बूटच्या (डिकीच्या) फ्लोअरमध्ये ओली माती अडकते, त्यामुळे ती वरून सडते आणि खालून बघणाऱ्याला धडधाकट वाटते.

पडताळणी: दार बंद करून त्याच्या पुढच्या-मागच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का पाहा. मग सिलखालच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून एक बाजू हळूहळू उचला आणि दार उघडून बंद करा. फट मिटली, दार घासलं किंवा जॅकच आत रुतू लागला, तर सिल गेलेत. विकणारा काहीही म्हणो, किंमत त्या हिशेबाने करा.

कागदही इथेच बघून घ्या. गाडीवरचा चासी नंबर आणि व्ही५सी (नोंदणीपत्र) वरचा नंबर जुळायलाच हवा. जीएचएन ने सुरू होणारा नंबर रोडस्टरचा, जीएचडी जीटीचा. जीटीचं छप्पर कापून रोडस्टर केलेल्या गाड्या फिरतात, त्या इथे पकडल्या जातात.

टप्पा २: जागा, हत्यारं आणि कागद

गाडी साधारण ३.९ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. इंग्लंडमधल्या एकेरी गॅरेजात ती मावते, पण दार पूर्ण उघडत नाही. विंग, बॉनेट, सीट यांसाठी वेगळी कोरडी जागा आधी ठरवा, नाहीतर निम्मा वेळ सामान हलवण्यात जातो. दमट गॅरेजात उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

हत्यारांत पहिली चूक पान्यांची. एमजीबीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत: ७/१६, १/२, ९/१६. घरात १३ मिमीचा पाना असतो आणि तो १/२ इंची नटावर बसल्यासारखा वाटतो. पण १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. तेवढ्या ०.३ मिमीच्या सैलपणाने गंजलेल्या नटाचे कोपरे झिजतात, आणि मग छन्नी-हातोडा आणि शिव्या. इंची एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधल्या अंतरावरून मोजलेले) रिंग पाने आणि सॉकेट आधी घ्या.

बाकी यादी: जड ट्रॉली जॅक, चार भक्कम अ‍ॅक्सल स्टँड, ०.६ मिमी तारेचा गॅस मिग वेल्डर, अँगल ग्राइंडर, स्पॉट वेल्ड काढायचा कटर, भरपूर क्लँप. मिग हाती नवीन असेल तर गाडीच्याच जाडीच्या, म्हणजे साधारण १ मिमी, भंगार पत्र्यावर हात बसू द्या. जोड मोडून बघा. वेल्ड सुटण्याऐवजी पत्रा फाटला तर जमलं म्हणायचं.

गाडी रस्त्यावर नसेल तर डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याकडे, सॉर्न (गाडी रस्त्यावर नाही अशी नोंद) करून ठेवा. हा अर्ज ऑनलाइन होतो, पण राहून गेला तर दंड घरी येतो.

इशारा: जुने ब्रेक शू, क्लच प्लेट आणि काही पॅकिंग यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

टप्पा ३: सोडवणं, पण सगळं नाही

सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात घातक काम हेच. एका शनिवार-रविवारात अख्खी गाडी सुटी होते आणि नंतर तिचा मेळ लागत नाही.

१. बॅटरी काढा. मग पेट्रोल मोकळ्या हवेत रिकामं करा आणि टाकी व पाइप गाडीतून काढून गॅरेजबाहेर न्या. वेल्डिंगच्या दिवशी टाकी घरात नसावी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

२. प्रत्येक भाग निघण्याआधी दोन फोटो: एक लांबून, एक जवळून. वायरच्या जोडांना चिठ्ठ्या. बोल्ट झिपच्या पिशवीत, आणि पिशवीवर फक्त 'बोल्ट' नव्हे तर 'डावी विंग, वरची रांग, वायसरसह' असं लिहा.

३. सीट, कार्पेट, ट्रिम, बंपर काढा. जुना भाग कितीही सडका असो, नवा आणून शेजारी ठेवून बघेपर्यंत फेकू नका. वेगवेगळ्या वर्षांच्या एमजीबींत बारीक फरक आहेत आणि चुकीचा भाग येणं नेहमीचं आहे.

४. इंजिन चालू होत असेल तर बॅटरी आणि पेट्रोल काढण्याआधीच ते गरम करून ऑइल प्रेशर आणि कॉम्प्रेशन नोंदवा. गरम इंजिनावर चालताना ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५ हे मॅन्युअलमधले आकडे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं असेल तर इंजिन उघडायची घाई कशाला?

५. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर काढा. वेगळे काढायला गेलात तर परत जोडताना शाफ्ट क्लचमध्ये शिरवताना घाम निघेल.

जाम बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, सकाळी आधी किंचित घट्ट करा, मग सोडवा.

दोन गोष्टी काढायच्या नाहीत: दारं आणि चाकांसकटचं सस्पेन्शन. दारं ही पुढच्या टप्प्यात तुमची मोजपट्टी आहेत. सस्पेन्शन राहिलं तर गाडी ढकलता येते.

टप्पा ४: सिल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडी सरळ राहते की वाकते ते याच कामात ठरतं.

आधी रचना. बाहेरून दिसतो तो बाहेरचा सिल. त्याच्या आत उभा पत्रा, मेंब्रेन. त्याच्या आत आतला सिल, आणि खालून कॅसल सेक्शन. हे चार मिळून एक बंद तुळई होते. बाहेरचा सिल दारापुरता नाही: पुढे तो विंगच्या आड जातो आणि मागे मागच्या विंगच्या आड. स्वस्तात काम करणारे दाराखाली दिसतो तेवढाच तुकडा जुन्या सडक्या सिलवर चिकटवतात. वरून छान दिसतं, आत गंज चालूच राहतो आणि ताकद शून्य.

१. गाडी सपाट फरशीवर घ्या. स्टँड पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईखाली) आणि मागच्या अ‍ॅक्सलखाली, म्हणजे चाकांवर उभी असताना भार जसा पडतो तसा. सिलखाली काहीही टेकू नको, कारण तोच कापायचा आहे.

२. दाराच्या फटी चार-चार ठिकाणी मोजा आणि मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. दार उघडून चौकटीचे दोन्ही कर्णही मोजा. गाडी आधीच मधे लोंबली असेल, म्हणजे फट वर मिटलेली आणि खाली रुंद, तर फ्लोअरच्या धडधाकट भागाखाली जाड लाकडी फळी ठेवून जॅकने अगदी थोडं-थोडं उचलत फटी सारख्या करा. मगच पुढची पायरी.

३. बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत २५ मिमीची चौकोनी नळी आतल्या बाजूने वेल्ड करा. ती अशी बसवा की दार पूर्ण बंद होईल. दोन्ही बाजूंना नळी लागेपर्यंत ग्राइंडर भिंतीवरच टांगलेला बरा.

४. एका बाजूची पुढची विंग काढा, ती बोल्टवर आहे. विंडस्क्रीनच्या खांबाच्या पायथ्याशी लपलेले बोल्ट डॅशमागून सापडतात. ते राहिले आणि तुम्ही ओढलंत की विंग दुमडते. मागची विंग वेल्ड केलेली असते. तिचा खालचा पट्टा कापल्याशिवाय सिलचं मागचं टोक दिसत नाही.

५. स्पॉट वेल्ड कटरने काढून बाहेरचा सिल उतरवा. आत वाळकं शेण वाटावं असा गंजाचा थर निघेल. सगळा खरवडा आणि चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते शोधा. जोड चांगल्या पत्र्यालाच द्यायचा, कागदासारख्या पातळ झालेल्या काठाला नाही.

६. बसवणं आतून बाहेर: कॅसल सेक्शन आणि आतल्या सिलची कड, मग मेंब्रेन, मग बाहेरचा सिल. प्रत्येक पत्रा आधी क्लँपने आणि दोन-चार सेल्फ-टॅपिंग स्क्रूने धरा, वेल्ड नको.

पडताळणी: बाहेरचा सिल नुसता क्लँपवर असताना दार बंद करा, पुढची विंग चार बोल्टवर लटकवा आणि टेपवरच्या आकड्यांशी फटी ताडा. सिलची वरची कड आणि दाराचा खालचा काठ समांतर हवेत. जमत नसेल तर पत्रा हलवा. वेल्ड झाल्यावर हलत नाही.

७. जोडाच्या कडांना झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर. पत्र्यात ६ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करा. एक भोक पुढे, एक मागे, एक मधे असं फिरत राहा. एका टोकापासून सलग ओढत गेलात तर उष्णतेने पत्रा ताणला जातो. दर पाच-सहा वेल्डनंतर दार उघडून बंद करून बघा.

८. ही बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी. नळ्या दोन्ही बाजू होईपर्यंत तशाच.

भाग कुठले घ्यायचे? ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवरून पत्रे बनवते, १९८८ पासून एमजीबीची अख्खी बॉडीसुद्धा. ते महाग पडतात. पण स्वस्त पत्र्याचा आकार बसवण्यात जाणारे तास मोजले तर बाहेरच्या सिलसाठी आणि विंगसाठी मी काटकसर करणार नाही. सरळ पट्ट्या आणि फ्लोअरचे तुकडे मात्र कुणाचेही चालतात.

दोन्ही सिल, दोन्ही फ्लोअर, हँगर, बॅटरीच्या पेट्या आणि दारं असं सगळंच गेलं असेल तर नव्या बॉडीचा हिशेब एकदा मांडा. पुष्कळांना तो शेवटी स्वस्त पडतो, पण हे त्यांना सगळे पत्रे सुटे विकत घेतल्यावर कळतं.

इशारा: वेल्डिंग संपल्यावर तासभर गॅरेज सोडू नका. कार्पेटचा गोंद, ध्वनिरोधक थर, सिलमधलं जुनं मेण उशिरा पेट घेतं. अग्निशामक हाताशी ठेवा.

टप्पा ५: रंगाआधी गाडी एकदा पूर्ण जुळवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. विंग, दारं, बॉनेट, बूट, बंपरचे ब्रॅकेट, हेडलाइट, काचा, दाराचे रबर, सगळं उघड्या पत्र्यावर एकदा लावा. नवं रबर जुन्यापेक्षा जाड असतं, त्यामुळे रबराशिवाय सुरेख बसणारं दार रबरानंतर बाहेर राहतं. भोकं जुळत नसतील तर आत्ता कानस चालवता येते.

टप्पा ६: रंग

पूर्वतयारी घरी, शेवटचा कोट बाहेर, हे माझं मत. एपॉक्सी प्रायमर, घासणं, पुन्हा प्रायमर हे तुम्ही करू शकता. आधुनिक टू-पॅक रंगात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साधा फिल्टर मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या गॅरेजात ते नको. रंग सुकला की सिल, दारं आणि हँगरच्या पोकळीत मेण फवारा. पाणी निघायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, तारेने टोचून बघा.

टप्पा ७: पाइप, वायरिंग, सस्पेन्शन, या क्रमाने

बॉडी रिकामी असतानाच ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप आणि वायरिंगचा लूम (वायरींचा बांधलेला जुडगा) घाला. इंजिन बसल्यावर तिथे हात जात नाही.

ब्रेकला कॉपर-निकेलचे पाइप आणि नवे रबरी होज घ्या. जुना होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगून बुजतो आणि चाक धरून ठेवतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या आर९ दर्जाच्याच हव्यात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे आणि त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं. गाडीत भरायचं ते सुपर ग्रेडचं, कमी इथेनॉलचं ई५.

वायरिंगचे रंग पाठ करून टाका: तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी इग्निशन, हिरवी फ्यूजनंतरची इग्निशन, जांभळी फ्यूजनंतरची कायम चालू, लाल साइड लाइट, निळी हेडलाइट, काळी अर्थ (अर्थिंग). निम्मे बिघाड अर्थचे असतात. रंग मारलेल्या पत्र्यावर अर्थ घट्ट केली तर वीज जात नाही, वायसरखालचा रंग खरवडा.

इशारा: १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. बॅटरी सवयीने उलटी लावली की आधी कुणी बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा रेडिओ जागच्या जागी जळतो.

पुढचं सस्पेन्शन क्रॉसमेंबरसकट चार बोल्टवर एकत्र निघतं, ते बाकावर उघडा. मागच्या स्प्रिंगचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी स्टँडवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतं. तारांची चाकं असतील तर डाव्या-उजव्या बाजूचे हब बदलू नका. दोन्हींचे आटे उलटे आहेत, आणि बदलले की चालता चालता स्पिनर (चाक धरणारा मधला मोठा नट) सुटतो.

टप्पा ८: इंजिन

आकडे चांगले असतील तर पॅकिंग, सील, पाण्याचा पंप, होज एवढं बदला. क्लच मात्र नवाच घाला, बेअरिंगसह. ते बेअरिंग कार्बनचं आहे, आणि पुढे क्लच बदलायला अख्खं इंजिन पुन्हा काढावं लागतं. हेड उघडलंच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, शिसंविरहित पेट्रोलसाठी त्या लागतात.

व्हॉल्व्हची फट ०.०१५ इंच, इंजिन थंड असताना. बेरीज ९ धरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा. फायरिंगचा क्रम १-३-४-२, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. प्लगच्या वायरी घड्याळाच्या दिशेने लावून 'इंजिन घेतच नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

टप्पा ९: पहिला स्टार्ट आणि पहिले मैल

१. २०डब्ल्यू५० ऑइल भरा, प्लग काढून ठेवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थांबत-थांबत मारा. काटा हलला नाही तर इंजिन सुरू करू नका.

२. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा पंप टिकटिक करेल आणि कार्ब्युरेटर भरले की थांबेल. थांबत नसेल तर कुठेतरी गळतंय. किल्ली बंद करून शोधा.

३. कॅमशाफ्ट नवा असेल तर सुरू होताच वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका. ऑइल झिंकचं प्रमाण जास्त असलेलं हवं.

४. ब्रेक आधी ड्राइव्हवेवर, मग रिकाम्या रस्त्यावर. पेडल दाबून धरलं तर ते हळूहळू खाली जाता कामा नये.

चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला मे २०१८ पासून एमओटीची (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती नाही. तरीही पहिल्यांदा रस्त्यावर काढताना एमओटी करून घ्या. स्वतः जोडलेला ब्रेकचा पाइप दुसऱ्या कुणीतरी तपासलेला बरा.

पाचशे मैलांनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे नट मॅन्युअलप्रमाणे पुन्हा ताडून बघा आणि लगेच व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा. त्यानंतर दर ३००० मैलांनी किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) निपलांना ग्रीस, पुढची चाकं जमिनीवरून उचलून. चाकांवर भार असताना ग्रीस जिथे लागतं तिथे पोचतच नाही, नुसतं बाहेर येतं.